कोकणात बायोमेडिकलची नोकरी : मशीनपाशी घालवलेले तास मोजतात, वाटेतले कोण मोजणार?

कातळसडा

माझी भाची यंदा बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या मशीनांच्या शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "मामा, मला मुंबईत नाही राहायचं. तुझ्यासारखं कोकणात काम करायचंय. येऊ का?" मला पटकन 'ये की' म्हणता आलं नाही. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हा धागा.

मी ११ वर्षं सर्व्हिस इंजिनिअर आहे. राहायला कुडाळला. अख्खा सिंधुदुर्ग आणि वर संगमेश्वरपर्यंतचा रत्नागिरी जिल्हा माझ्याकडे. मॉनिटर, व्हेंटिलेटर, ॲनेस्थेशिया मशीन, डिफिब्रिलेटर, सिरिंज पंप असं सगळं बघतो. काम मला मनापासून आवडतं, ते आधीच सांगतो. बंद पडलेलं व्हेंटिलेटर टेस्ट लंगवर (तपासणीच्या नकली फुप्फुसावर) लावल्यावर पहिला श्वास देतं ना, तो आवाज अजूनही तितकाच सुखाचा वाटतो.

आता गेल्या जुलैतला एक दिवस सांगतो. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी कॉल आला. राजापूर तालुक्यातलं एक छोटं हॉस्पिटल, ऑपरेशन थिएटरमधला मॉनिटर बंद, ११ वाजता सिझेरियन लावलेलं. पावणेआठला बाईक काढली. पाऊस असा की हेल्मेटची काच वर करावी तर डोळ्यांत पाणी, खाली घ्यावी तर वाफ. टूलकिट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पाठीवर. साडेदहाला पोचलो तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या. "दादानू, वायच लवकर बघा, पेशंट घेतलो आसा आत." डॉक्टरांनी दुसरा साधा पल्स ऑक्सिमीटर लावून तयारी चालवली होती.

मागचं कव्हर काढलं तर पॉवर सप्लायच्या बोर्डावर पाल मरून चिकटलेली. पावसाळ्यात त्या उबेला आत शिरतात, पंख्याच्या जाळीतून. फ्यूज उडालेला आणि ट्रॅकचा एक तुकडा काळा पडलेला. शेजारच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या. ही खारी हवा तांब्याला अशीच खाते. आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने पिना घासल्या, ड्रायरने सुकवलं, बॅगेतला राखीव सप्लाय बसवला. मग लीकेज, म्हणजे मशीनमधून बाहेर झिरपणारा करंट, तपासलं, कारण पेशंटच्या अंगाला तारा लागणार आहेत. मॉनिटर सुरू करून दिला. एकूण ५० मिनिटं.

त्यानंतर सर्व्हिस रिपोर्टवर सही-शिक्क्यासाठी थांबलो. डॉक्टर केसमध्ये, मग ओपीडीत. सही मिळाली अडीचला. घरी पोचायला सहा वाजून गेले. येणंजाणं मिळून जवळजवळ दोनशे किलोमीटर झालं. आमच्या ॲपमध्ये कामाची वेळ मशीनपाशी 'सुरू' दाबल्यापासून 'संपलं' दाबेपर्यंतच धरतात. म्हणजे त्या दिवशी माझ्या नावावर ५० मिनिटं लागली. महिन्याच्या मीटिंगला माझा आलेख पुण्याच्या मुलाशेजारी लावतात. तो एका दिवसात चार कॉल करतो, मी एक. शेवटी विचारतात, "तुमचा आकडा कमी का?"

पैशाचंही सांगतो, कारण भाची विचारणारच. मी १४,००० वर लागलो होतो. तेव्हा बाईकला किलोमीटरमागे मिळायचे त्यात पेट्रोल भागायचं, टायर आणि चेन-स्प्रॉकेट माझ्या खिशातून. पावसाळ्यात ब्रेक शू दोन महिन्यांत संपतात. अंगातला ओला रेनकोट काढून एसी थिएटरमध्ये शिरायचं, पुन्हा तोच ओला घालायचा. कंबर चाळिशीच्या आतच बोलायला लागली आहे.

आपल्यापैकी जे या कामात आहेत, किंवा जे हॉस्पिटलच्या बाजूने हे बघतात, त्यांनी खरं खरं लिहा. भाचीला काय सांगू?

वाशिष्ठीकाठ

कातळसडा, वाचता वाचता माझे पहिले चार वर्षांचे दिवस डोळ्यांपुढे आले. मीही आधी कंपनीत फिरतीवर होते, आता चिपळूणजवळच्या एका हॉस्पिटलात कायम नोकरीला आहे. भाचीसाठी लिहिते, कारण मुलीला जे विचारात घ्यावं लागतं ते वेगळं असतं.

फिरतीवर असताना पाणी कमी प्यायची सवय लागली. महामार्गावर बाईमाणसाला बरं स्वच्छतागृह कुठे आहे याचा नकाशा माझ्या डोक्यात होता आणि त्यात मोठमोठी अंतरं होती. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. मुक्कामाचं आणखी एक. मे महिन्यात गुहागर-दापोलीकडे लॉज पर्यटकांनी भरलेले असतात आणि कंपनीने ठरवून दिलेल्या रकमेत खोली मिळत नाही. एकदा हॉस्पिटलच्या लेबर रूमशेजारच्या रिकाम्या खाटेवर रात्र काढली आहे. सिस्टरांनी घरचा डबा दिला, ते उपकार विसरणार नाही. पण ती काही व्यवस्था नव्हे.

मग गरोदर राहिले. मी तेव्हा सी-आर्म (थिएटरमधलं फिरतं एक्स-रे मशीन) आणि एक्स-रे बघत होते. नियम साफ आहे. कामगाराला ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या काळात बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर नाही. हे मोजायला टीएलडी बॅज असतो, तो तीन महिन्यांनी बदलून वाचायला पाठवतात. माझा बॅज आधीच्या दोन तिमाह्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच पडून होता, कारण कुरिअर मुंबईच्या पत्त्यावर जायचं आणि मी असायचे खेडला. माझ्या त्या सहा महिन्यांचा आकडा कुठेच नाही. मुलगी ठणठणीत आहे, पण तो रिकामा रकाना आठवला की आजही पोटात कालवतं. म्हणून भाचीला सांगा, बॅज स्वतःच्या हातात आल्याशिवाय एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि आपला डोसचा रिपोर्ट दर तिमाहीला मागून घ्यायचा. तो आपला हक्काचा कागद आहे.

हॉस्पिटलात कायम झाल्यावर प्रवास सुटला. पण इथे दुसरंच निघालं. एकटी इंजिनिअर असले की चोवीस तास मी. रात्री दोनला सक्शन खेचत नाही म्हणून फोन, पहाटे लिफ्ट अडकली म्हणूनही फोन, कारण 'मॅडम मशीनचं बघतात'. बायोमेडिकल म्हटलं की निम्म्या लोकांना पिवळ्या पिशव्यांची कचऱ्याची गाडी आठवते. माझ्या सासूबाईंनाही पहिलं वर्षभर तसंच वाटत होतं. आपल्या कामाचं नावच लोकांना ठाऊक नाही, तर त्यातल्या जोखमीचा मोबदला ते काय देणार?

२२ जुलै २०२१ चा पूर मी आतून पाहिला आहे. पाणी ओसरल्यावर आमच्या तळमजल्यावर गुडघाभर चिखल. इन्फ्युजन पंप उघडले तर आत गाळ बसलेला, सुकल्यावर सिमेंटसारखा. सगळ्यांना घाई, 'लावून तर बघा'. मी एकही प्लग लावू दिला नाही. डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, सुकवून, एकेक बोर्ड तपासला. बहुतेक मशीनं शेवटी कंडेमच करावी लागली, पण शॉर्ट होऊन कुणी मेलं नाही. पंधरा दिवस सुट्टी नाही. त्या चिखलात आम्ही साध्या चपलांवर उतरलो होतो. लेप्टोच्या (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) भीतीने आमच्या फिजिशियननी सगळ्यांना डॉक्सिसायक्लिन द्यायला लावलं, ते त्यांना आपणहून सुचलं म्हणून. इंजिनिअरला गमबूट द्यायचे असतात हे कुठल्याच यादीत नव्हतं. आता आमच्या स्टोअरमध्ये चार जोड आहेत, मी भांडून घेतलेत.

महाडचा मुक्काम

वाशिष्ठीकाठ ताई, पुराचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे सावित्रीने तेच केलं. यूपीएसच्या बॅटऱ्या तळमजल्यावर ठेवू नका हे मी पाच वर्षं सांगत होतो. आता वर नेल्या.

देवगडचा डॉक्टर

मी १५ खाटांचं हॉस्पिटल चालवतो. इंजिनिअर मंडळींचा त्रास खरा आहे, पण टेबलाच्या या बाजूचंही ऐका.

माझं ॲनेस्थेशिया मशीन मागच्या पावसाळ्यात नऊ दिवस बंद होतं. सीएमसीचे, म्हणजे पार्टसकट देखभालीच्या वार्षिक कराराचे, पैसे मी आगाऊ भरलेले, मुंबईतलं हॉस्पिटल भरतं तितकेच. कागदावर २४ तासांत माणूस पोचेल असं लिहिलेलं. माणूस तिसऱ्या दिवशी आला, बघून गेला, पार्ट सहा दिवसांनी आला. त्या नऊ दिवसांत मी तीन पेशंट पुढे पाठवले, दोन कोल्हापूरला आणि एक गोव्यात बांबोळीला. त्यातली एक बाळंतीण होती. घाटातून ॲम्ब्युलन्स वर जाईपर्यंत मी फोन हातात धरून बसलो होतो. अशा वेळी इंजिनिअरची बाईक, त्याचा ओला रेनकोट मला दिसत नाही. मला फक्त बंद मशीन दिसतं आणि माझ्या तोंडून कडक शब्द जातात.

तुमचा धागा वाचून मात्र एक गोष्ट खटकली, ती माझ्याकडूनच होते. सहीसाठी थांबवून ठेवणं. माझ्याकडे आलेला मुलगा दोन-दोन तास बाकावर बसलेला मी पाहिला आहे आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज मी थिएटरच्या इनचार्ज सिस्टरना रिपोर्टवर सही करायचा अधिकार लेखी दिला. शिक्का त्यांच्याच टेबलावर ठेवला.

कातळसडा

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. त्या दोन तासांत माणूस उजेडी घरी पोचतो. रात्री कातळावरच्या रस्त्यावर समोर गुरं बसलेली असतात, तेव्हा या दोन तासांची किंमत कळते.

नऊ दिवसांचंही सांगतो, कारण त्यातले काही दिवस माझ्यासारख्याचे आहेत. पार्ट मुंबईहून कुरिअरने टाकला तर कोल्हापूरच्या गोदामात जाऊन पडतो. घाट बंद असला की तिथेच. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता, तेव्हा सगळं भुईबावड्यातून फिरून यायचं. म्हणून आम्ही बोर्ड रात्रीच्या लक्झरीने मागवतो. ड्रायव्हरच्या हातात पार्सल, पहाटे पाचला कणकवलीत उभं राहायचं, गाडी थांबली की डिकीतून घ्यायचं. याची पावती मिळत नाही, त्यामुळे ते पैसे क्लेममध्ये बसत नाहीत. तरी मी तसंच करतो, कारण मला तुमचा तो बाळंतिणीसारखा पेशंट माहीत असतो.

एक विनंती तुम्हालाही. तुमच्या अर्थिंगकडे बघा. आपल्या जांभ्यात पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा खडखडीत होतो आणि न्यूट्रल-अर्थमध्ये व्होल्टेज चढतं. बाहेर कुठे न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० च्या आसपास येऊ शकतं आणि एका फटक्यात पाच मशीनं जातात. हृदयाशी थेट जोडलेल्या भागाला पेशंटकडे १० मायक्रोअँपिअरच्या वर लीकेज चालत नाही. इतक्या बारीक आकड्याचं काम आम्ही अशा वायरिंगवर करतो. खड्ड्यात उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पाणी टाकायला माणूस सांगा. आमचे निम्मे कॉल वाचतील.

आबोली

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, कुडाळ तालुक्यातली. इंजिनिअर नाही, पण त्यांच्यासोबत सगळ्यात जास्त वेळ मीच असते म्हणून लिहिते.

एका डायलिसिसला मिनिटाला ५०० मिलिलिटरने चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. पहिल्या पावसात आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं होतं, सेडिमेंट फिल्टर दोन दिवसांत भरतो. मेमध्ये उलट, किनाऱ्यालगतच्या विहिरींना मचूळपणा चढतो आणि आरओच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (त्यातल्या क्षारांचा आकडा) वर जाते. अशा वेळी इंजिनिअर दादा रात्री येतात, कारण दिवसा तिन्ही शिफ्टला पेशंट. ते मशीनच्या मागे जमिनीवर झोपून ड्रेन लाइन काढतात. त्या लाइनमधून पेशंटच्या रक्तातून काढलेली घाण वाहते.

मागच्या वर्षी एक दादा असेच मशीनखाली हात घालत होते आणि त्यांच्या बोटात सुई गेली. कुणाच्या तरी हातून पडलेली फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी पेशंटच्या हातात टोचायची, सुई. ते म्हणाले, "काही नाही हो, बँडेज द्या." मी त्यांना नळाखाली हात धुवायला लावलं आणि विचारलं, हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का? नव्हती. कंपनीने विचारलंच नव्हतं, आणि आमच्या हॉस्पिटलाच्या यादीत ते नव्हते कारण ते 'बाहेरचे'. डायलिसिस युनिटमध्ये दिवसरात्र काम करणारा माणूस दोन्ही यादींत नाही! एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायचं औषध लवकरात लवकर, शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. मी डॉक्टरांना उठवलं, त्याच रात्री पहिला डोस दिला. दादा सुखरूप आहेत, सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. पण तीन महिने त्यांनी घरात बायकोला काय सांगितलं असेल ते माझ्या डोक्यातून जात नाही.

लस तीन डोसांची असते. आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. त्यानंतर रक्त तपासून अँटिबॉडी १० च्या वर आल्या का ते बघायचं असतं. भाचीला नोकरी लागायच्या आधीच ही लस घ्यायला लावा. आणि कुठलंही मशीन उघडायच्या आधी सिस्टरांकडून 'निर्जंतुक केलं' अशी चिठ्ठी मागायची. आम्हाला राग येत नाही. आम्ही आता मशीनवर टॅगच लावतो.

जांभादगड

सरकारी बाजूचं थोडं. मी ठेकेदारामार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ग्रामीण रुग्णालयं बघतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ मध्ये उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० टक्के आणि प्राथमिक केंद्रात ८० टक्के वेळ मशीनं चालू असली पाहिजेत असं ठरलं. मशीनवर नंबराचं स्टिकर असतं, त्यावरून कॉल लागतो. हे चांगलंच झालं. आधी मशीन बिघडलं की खोलीच्या कोपऱ्यात चादर टाकून ठेवायचे.

पण मशीन किती वेळ चालू होतं हे मोजणारा रकाना आहे, माणूस किती वेळ चालला याचा नाही. मंडणगडच्या टोकाचं केंद्र आणि त्याच दिवशी लांज्याचा वॉर्मर, दोन्ही माझ्याकडे. वॉर्मर एकच आणि त्यात बाळ ठेवायचंय, म्हटल्यावर मी ८० टक्क्यांचा हिशेब करत बसत नाही, निघतो.

एक कामाची माहिती. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू व्हायला हवं. २०१० च्या दुरुस्तीनंतर घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, नोकरीतला अपघात धरतात. माझ्या सहकाऱ्याचा पाय हातखंब्याजवळ मोडला, तेव्हा त्याला हे कुणी सांगितलं नाही. चार महिने बिनपगारी घरी होता. कॉलचा मेसेज, निघाल्याची वेळ, पेट्रोलची पावती, सगळं जपून ठेवा.

घाटावरून

मी कोल्हापुरात सर्व्हिस कोऑर्डिनेटर आहे. कातळसडांसारख्या मुलांना कॉल देणारा तो मीच, म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी. आठ वर्षं स्वतः बाईकवर फिरलो आहे.

दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगतो. किती मशीनांमागे एक इंजिनिअर, हा हिशेब मशीनांच्या संख्येवर होतो. पुण्यात तेवढी मशीनं दोन-तीन मोठ्या हॉस्पिटलांत सापडतात, एकाच लिफ्टने वर-खाली. कोकणात तेवढीच मशीनं गोळा करायला सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत जावं लागतं. मग तेवढ्या मशीनांना एकच माणूस देतात आणि वर म्हणतात, 'लोड सारखाच आहे'. पाऊस, घाट, खाडीवरचे पूल, रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, यातलं काहीच त्या हिशेबात येत नाही. आणि डॉक्टरसाहेबांना दिलेला २४ तासांचा शब्दही त्याच हिशेबातून निघालेला असतो. तो पाळायला माणूसच ठेवलेला नसतो. म्हणजे डॉक्टर आणि इंजिनिअर एकमेकांवर चिडतात ते एकाच चुकीपायी.

मी गेल्या वर्षी एक केलं. सहा महिने प्रत्येक कॉलला मुलांना घरून निघालेली आणि घरी पोचलेली वेळ व्हॉट्सॲपवर टाकायला लावली. ते तास मांडून वरिष्ठांपुढे ठेवले. आकड्यांपुढे त्यांना बोलायला जागा राहिली नाही. रत्नागिरीला दुसरा इंजिनिअर मंजूर झाला आणि पावसाळ्यात दुपारी चारनंतर घाट उतरायचा नाही असा लेखी नियम निघाला. पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर काय, हा प्रश्न आलाच. त्यासाठी दोन स्टँडबाय मशीनं कोकणातच ठेवली, एक रत्नागिरीला, एक कणकवलीला. मशीन जवळ असलं की माणसाला रात्री घाटात पाठवावं लागत नाही.

कातळसडा

घाटावरून, हे कुठल्या कंपनीत झालं ते इथे नका सांगू, पण ते व्हॉट्सॲपचं आजपासून मी सुरू करतो. ११ वर्षं माझ्याकडे ही वेळ नोंदवायची बुद्धी झाली नाही. मी फक्त दमलो असं म्हणत राहिलो.

सुरंगी

नमस्कार. मी मालवणची, बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. हे सगळं आम्हाला कॉलेजात कुणी सांगत नाही. सर्किट शिकवतात, पाल शिकवत नाहीत. मला परत यायचंय, पण आई म्हणते मुलीने बाईकवर रात्री-अपरात्री फिरायचं नाही. वाशिष्ठीकाठ ताई, थेट हॉस्पिटलातच लागले तर चालेल का? की आधी कंपनी करावी?

वाशिष्ठीकाठ

सुरंगी, आधी दोन-तीन वर्षं कंपनी कर असंच मी सांगेन. हॉस्पिटलात एका प्रकारचं एकच मशीन असतं, ते महिन्यातून एकदा बिघडतं. कंपनीत तेच मशीन तू शंभरदा उघडतेस. हाताला जे कळतं ते तिथेच कळतं. डिफिब्रिलेटरचा कपॅसिटर ३६० ज्यूलपर्यंत भरतो, तो डिस्चार्ज झाल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, हे पुस्तकात मीही वाचलं होतं. एका सीनियरने माझा हात धरून मागे ओढला तेव्हा ते अंगात भिनलं. असा सीनियर सोबत मिळणं हे पगाराइतकंच महत्त्वाचं. मुलाखतीत विचार, पहिले सहा महिने मी कुणाबरोबर जाणार? 'एकटीच' म्हणाले तर ती नोकरी घेऊ नकोस.

आईंना सांग, फिरती म्हणजे बाईकच असं नाही. मी कोकण रेल्वेने फिरायचे, स्टेशनवरून रिक्षा. रिक्षाचे पैसे मिळतील का हे आधी लिहून घेतलं होतं. सोबत कायम सिलिका जेलचा डबा आणि चार्ज केलेला टॉर्च. जेल निळं आहे तोवर चांगलं, गुलाबी झालं की तव्यावर मंद भाजायचं, पुन्हा निळं होतं. एंडोस्कोप आणि मायक्रोस्कोपच्या पेटीत ते ठेवलं नाही तर पावसाळ्याअखेर काचेवर बुरशीची जाळी दिसते, आणि ती काच परत पहिल्यासारखी होत नाही.

देवगडचा डॉक्टर

सुरंगी, शिक्षण पूर्ण झालं की सुट्टीत माझ्याकडे ये. माझी सगळी मशीनं उघडून दाखवता येणार नाहीत, पण अर्थिंगचा खड्डा नक्की दाखवीन. काल मोजून घेतलं. न्यूट्रल-अर्थमध्ये ९ व्होल्ट निघाले. इलेक्ट्रिशियन उद्या येतोय.

कातळसडा

९ व्होल्ट! साहेब, तोवर मॉनिटर आणि कॉटरी (विजेवर चालणारं कापायचं मशीन) एकाच सॉकेटच्या पट्टीवर लावू नका. उद्या काम झालं की पुन्हा मोजा आणि इथे लिहा.

भाचीशी काल तासभर बोललो. हा सगळा धागा तिला वाचायला दिला होता. ती म्हणाली, "मामा, तू मला येऊ नको म्हणत नाहीयेस ना?" म्हटलं, नाही बाई, ये. पण ऑफर लेटर हातात आलं की सही करायच्या आधी मला दाखव. कामाचे तास घरून निघाल्यापासून धरणार का, ते मेलवर विचारून घे. बॅज कुणाच्या पत्त्यावर येणार, पहिले सहा महिने कुणाबरोबर जाणार, मुक्कामाला किती देणार. यावर उत्तर देताना जे चिडतील त्यांच्याकडे जायचं नाही. तिने सगळं वहीत लिहून घेतलं.

परवा शनिवारी ती गावी येतेय. मालवणला एका हॉस्पिटलात माझी पीएम व्हिजिट, म्हणजे ठरलेली देखभालीची फेरी, आहे, दोन व्हेंटिलेटरचे ऑक्सिजन सेन्सर बदलायचे आहेत. तिला सोबत नेणार. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस तिने आज सकाळीच घेतला. दुसरा पुढच्या महिन्यात, तिसरा सहाव्या महिन्यात. निकालही तोवर लागलेला असेल.